दसऱ्याचं पहिलं पान

"दुसरी ओळ," तात्या स्वतःशीच पुटपुटले आणि खालच्या बाणाचं बटण एकदाच दाबलं. मग एंटर. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले. विंडोजचं चित्र आलं तशी मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "काय इंजिनेर? चुकलो का?"

"नाही."

"मग एरंडेल प्याल्यावानी तोंड का केलंयस?"

मालकांचा फोन येऊन गेला होता म्हणून. ते चार दिवस पुण्याला होते आणि खंडेनवमीच्या पूजेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी सकाळी, परत येणार होते. कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडद्यावर आधी ज्या दोन ओळी येत होत्या, त्या त्यांना दिसल्या असत्या तर माझं काही खरं नव्हतं.

ही २००४ च्या नवरात्रातली गोष्ट आहे, तासगावची. टोणपे मुद्रणालय म्हणजे बसस्थानकामागच्या गल्लीतली पत्र्याची एक लांबट खोली. आत छपाईच्या, पायानं चालवायच्या दोन ट्रेडल, शिशाच्या खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे, कप्पे, कागद कापायचं मशीन आणि पुढच्या बाजूला काचेमागे एकुलता एक कॉम्प्युटर. लग्नपत्रिका, द्राक्षपेट्यांची लेबलं, सोसायट्यांचे अहवाल, उत्तरकार्याची कार्डं असं सगळं आमच्याकडे छापलं जाई. कॉम्प्युटरवर बसणारा मी, विक्रांत लाटे, वय तेवीस. इंजिनिअरिंगची पदवी होती, नोकरी नव्हती आणि त्याबद्दल मी साऱ्या जगावर रुसलेला होतो. लग्नपत्रिकेत "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" बसवताना आपण कुणीतरी मोठे असून इथे अडकून पडलोय, असं मला रोज वाटायचं.

तात्या म्हणजे बाळकृष्ण तिवाटणे. छप्पन्न वर्षांचे, त्यातली चौतीस खिळे जुळवण्यात गेलेली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. तात्या ते उलटं अक्षर मी सुलटं वाचायचो त्यापेक्षा भरभर वाचत. पण दिवाळीनंतर ट्रेडल भंगारात जाणार होत्या आणि खिळेही. मालकांनी तात्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "दुसरा कॉम्प्युटर घेतोय. दसऱ्यापर्यंत शिकलात तर त्यावर तुम्ही बसा. नाही जमलं तर घडी घालायला आणि गठ्ठे बांधायला बसावं लागेल. मी तुम्हाला काढणार नाही, पण कंपोझिंगला मात्र मग दुसरं माणूस बघीन."

तात्या शिकायला बसले. जूनपासून रोज दुपारी एक तास, माझ्या शेजारी. पहिला महिना मला त्यांचा वैताग आला, खोटं का बोलू. माऊस धरताना ते टेबलाच्या कडेपर्यंत जात आणि मग "आता फुडं जागा न्हाई की रं" म्हणत. पण कळफलक त्यांनी माझ्यापेक्षा लवकर पाठ केला. पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर सगळी बटणं आखून नेली होती त्यांनी. वीज गेली की, आणि रात्री घरीही, पुठ्ठ्यावर बोटं मारत बसत. त्यांच्या मंडळी, शेवंताकाकू, एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्यांचं जेवताना पन चाललंय. ताटाच्या कडंवर टिकटिक, टिकटिक."

सप्टेंबरात तात्यांनी एक अख्खी पत्रिका एकट्यानं जुळवली. एकही चूक नव्हती. मी प्रूफ त्यांच्या हातात दिलं तर ते उजेडाला धरून किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सुलटं वाचायला जरा जड जातंय."

आता त्या दोन ओळींचं सांगतो. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती. पुण्याला मालकांचे साडू एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर होते आणि मालकांनी माझा अर्ज त्यांच्याकडे दिला होता. तिथे लिनक्स आलं पाहिजे असं मला कळलं होतं. माझ्या घरी कॉम्प्युटर नव्हता. मालकांची सक्त ताकीद होती, "या मशिनमध्ये छपाईचं सोडून दुसरं काही घालायचं नाही. घातलंस तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस." ते पुण्याला गेले त्याच दिवशी मी डिस्कचा एक कोपरा मोकळा केला आणि विंडोजशेजारी लिनक्स बसवलं. तेव्हापासून मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. वरचं लिनक्सचं, खालचं विंडोजचं. दहा सेकंदांत निवडलं नाही तर वरचं सुरू व्हायचं.

तात्यांना हे पहिल्याच सकाळी दिसलं. मला लपवता आलं नाही. "मालकांना सांगू नका, तात्या," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? मला निस्तं सांग, कुटली ओळ माझी."

"दुसरी."

बस्स, तेवढंच. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि चारही दिवस न चुकता दुसरी ओळ निवडली.

अष्टमीला संध्याकाळी तात्या आणि ट्रेडलवाले दस्तगीरभाई गेल्यावर मी लिनक्स काढून टाकलं. विंडोजमध्ये शिरून डिस्कचा तेवढा तुकडा पुसला. पत्रिका, फाँट, सगळं जिथल्या तिथे होतं. हातासरशी काम झालं म्हणून मी खूश होतो. मशीन बंद केलं आणि माझ्या गावाची, सावळजची शेवटून दुसरी एस.टी. पकडायला धावलो. एकदा पुन्हा सुरू करून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही.

नवमीला मालक आले. झाडलोट, धुणं-पुसणं झालं, ट्रेडलींना तेल दिलं. आमच्याकडे रीत अशी होती की नवमीला पूजा करायची, मशिनांना दिवसभर विश्रांती द्यायची आणि दसऱ्याला सकाळी प्रेसमधल्या सगळ्यात जुन्या माणसानं पहिलं पान छापायचं. पानावर फक्त "श्री" आणि त्याखाली साल. ते पान वर्षभर मालकांच्या टेबलामागे भिंतीला असे. गेली कित्येक वर्षं तात्याच ते छापत होते.

पूजाही तेच करत. दस्तगीरभाईंनी झेंडू आणले, तात्यांनी दोन्ही ट्रेडलींना हळदकुंकू लावलं, आंब्याच्या डहाळीनं पाणी शिंपडलं, नारळ वाढवला. मग तांब्या घेऊन काचेच्या आत आले आणि कॉम्प्युटरपुढे थबकले.

"इंजिनेर, ह्येच्यावर पानी चालतंय का?"

"चालतं की. बंद आहे ना. दोन थेंबांनी काय होतंय?"

त्यांनी खरोखर दोनच थेंब शिंपडले, तेही कॉम्प्युटरच्या पेटीच्या वरच्या पत्र्यावर. पेटीला कुंकवाचं बोट लावलं, कळफलकावर एक फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. मालक दारातून बघत होते. म्हणाले, "तात्या, उद्याचं पहिलं पान यावरच काढायचं. तुमच्या हातानं. सगळ्यांसमोर."

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. मान तेवढी हलवली.

मालक गेल्यावर मी हळूच म्हटलं, "तात्या, उद्या त्या दोन ओळी येणार नाहीत. सरळ विंडोज येईल."

"काडलंस व्हय?" त्यांचा चेहरा जरासा उतरला. "बरं झालं. पन मी दुसरी ओळ शिकलो हुतो की रं."

दसऱ्याला सकाळी दहा वाजता सगळे जमले. मालक, मालकीणबाई, दस्तगीरभाई, दोनचार जुनी गिऱ्हाइकं. शेवंताकाकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. तात्यांनी त्यांना आदल्या दिवशी काय सांगितलं असेल कोण जाणे, पण त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. मालकांनी दोघा जुन्या कामगारांना टॉवेल-टोपी दिली. तात्यांनी टोपी तिथल्या तिथे घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मागे उभा होतो.

त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला. पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली, तिच्याखाली आणखी एक छोटी. आणि थांबलं.

तात्या वाट बघत राहिले. एक मिनिट गेलं असेल.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"मालक, कायतरी लिवलंय त्येनं," तात्या म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली, शेजारचं एक जुनं प्रूफ उलटं केलं आणि पडद्यावरची इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी उतरवली. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं ते जेमतेम. पण अक्षर उतरवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ठिपकेसुद्धा मोजून काढले. चिठ्ठी माझ्या हातात दिली. "बग बरं, काय म्हनतंय."

खाली लिहिलं होतं, एरर बावीस.

मला वाचायची गरजच नव्हती. वरच्या ओळीतला पहिला शब्द दिसला तेव्हाच मला कळलं होतं. ग्रब. दोन ओळींतून एक निवडायला लावणाऱ्या प्रोग्रामाचं नाव. मी लिनक्स पुसलं होतं, पण हा प्रोग्राम डिस्कच्या अगदी तोंडाशी बसलेला होता आणि तो तसाच राहिला होता. दारावरचा राखणदार जागेवर ठेवून त्याची किल्ल्यांची जुडी मात्र मी फेकून दिली होती. बावीस म्हणजे, मला जिथं जायला सांगितलंय ती जागाच इथं नाही. पाण्याचा, कुंकवाचा, तात्यांच्या बोटांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

मला वाटलं, क्षणभर विचार करू, मग सांगू. तेवढ्यात दस्तगीरभाई पेटीकडे बघून सहज म्हणाले, "काल पानी जास्त झालं का काय तात्या?"

सगळ्यांच्या नजरा पेटीवर गेल्या. कुंकवाचा एक ओघळ पत्र्याच्या फटीपर्यंत आलेला होता आणि तिथेच वाळला होता.

मालक माझ्याकडे वळले. "विक्रांत, पाण्यानं झालं असेल का हे?"

तात्याही माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत मला अडकवायचा विचारसुद्धा नव्हता. दोन गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. एक, मी या मशिनमध्ये चोरून काहीतरी घातलं होतं आणि परवा काढलं होतं. दोन, पाणी चालतं असं मीच त्यांना सांगितलं होतं. दोन्हींपैकी एक जरी ते बोलले असते तरी मी सापडलो असतो. मी वाट बघत होतो की आता काढतील, आता काढतील.

"असू शकतं," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. खोटं बोललो असं कुणी म्हणू शकलं नसतं. असू तर काय, काहीही शकतं.

तात्या खुर्चीवरून उठले. "माजीच चूक हाय, मालक," ते म्हणाले. "ट्रेडलवानी पानी मारलं मी. ह्ये इलेक्ट्रिकचं काम, मला कळाय पायजे हुतं."

ते दोन थेंब आता त्यांच्याच तोंडी "पाणी मारलं" झाले होते. मी तेही दुरुस्त केलं नाही.

मालक चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता उसासा टाकला आणि विचारलं, "आता? दिवाळीची सगळी कामं यात आहेत. सारी गेली का?"

"बघतो," मी म्हटलं. "आत ओल असेल तर वाळवावी लागेल. सगळे जरा बाहेर थांबा."

चिठ्ठी मी घडी करून खिशात टाकली. तालुक्यात कॉम्प्युटरचे क्लास होते. कुणा जाणत्याच्या हाती ती पडली असती तर मग माझी धडगत नव्हती. हा विचार मला किती चटकन सुचला, याची मला आजही लाज वाटते. खरं बोलायचं सुचायला एकोणीस वर्षं लागली आणि पुरावा लपवायचं डोळ्याचं पातं लवायच्या आत सुचलं.

सगळे बाहेर गेले. मी पेटीचा पत्रा उघडला. आत कोरडं ठणठणीत होतं, फक्त धूळ. काचेतून दिसत होतं म्हणून मी टेबलफॅन ओढून पेटीसमोर लावला. तेवढ्यात दार किलकिलं झालं. तात्या होते. खांद्यावरचा नवा टॉवेल त्यांनी काढून पुढे केला.

"ह्येनं पूस. कोरा हाय. पानी लगीच वडून घील."

"राहू द्या तात्या, फडकं आहे."

"फडक्याला तेल आसतंय. घे रं."

मी घेतला. आणि ते बघत होते म्हणून, त्या कोरड्या पत्र्यावरून तो कोरा टॉवेल फिरवला. कुंकू लागलं त्याला. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे, धुतल्यावर जातंय," आणि दार लावून घेतलं.

मग मी विंडोजची सीडी घातली, दुरुस्तीच्या भागात गेलो आणि एक आज्ञा लिहिली. एकच. ग्रब गेलं, विंडोजचा स्वतःचा राखणदार परत जागेवर आला. या सगळ्याला सहा मिनिटं लागली असतील. पण सहा मिनिटांत ओल वाळत नाही. म्हणून मी पडदा बंद ठेवून, पंखा लावून, पाऊण तास तिथे बसून राहिलो. बाहेर कुणीतरी आपट्याची पानं वाटत होतं. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, असं चाललं होतं. तात्यांचा आवाज त्यात नव्हता.

मी दार उघडलं आणि कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला. विंडोजचं चित्र आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! साडूंना आजच फोन करतो. म्हणावं, पाण्यात गेलेलं मशीन पोरानं पाऊण तासात उठवलं." मग वळून म्हणाले, "या तात्या. बसा. पान काढा."

तात्या काचेबाहेर, काकूंच्या शेजारी उभे होते. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"न्हाई मालक," ते म्हणाले. "माजा हात नको त्येला. इक्रांतरावच काडतील."

इक्रांतराव. चार महिने मी इंजिनेर होतो, तू होतो, रं होतो.

"अहो, झालं ते झालं. बसा तुम्ही," मालकांनी पुन्हा म्हटलं.

"नको. दिवाळीचं काम हाय आत. परत कायतर व्हायचं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. इथे अजून वेळ होती. मी तात्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं असतं, नुसतं "पाण्यानं काही झालेलं नव्हतं तात्या" म्हटलं असतं, तरी पुरे होतं. नोकरी गेली असती, सावळजला महिनाभर घरात बसावं लागलं असतं. मी खुर्ची ओढली, बसलो, "श्री" लिहिलं, खाली साल घातलं आणि छापलं. मालकांनी पान उचलून सगळ्यांना दाखवलं. काकूंनी डब्यातून लाडू आणले होते, ते वाटले. मला देताना त्यांनी वर बघितलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. तात्या त्यानंतर काचेच्या आत आले नाहीत. काही द्यायचं असलं तर दारातून हात लांब करून देत. दिवाळीनंतर दुसरा कॉम्प्युटर आला, त्यावर क्लास केलेली एक मुलगी बसली. तात्या पत्रिकांना घड्या घालत आणि गठ्ठे बांधत. मला "तुमी" म्हणत. जानेवारीत मला पुण्याहून बोलावणं आलं. मुलाखतीत मालकांच्या साडूंनी हसत विचारलं, "ते पूजेचं काय झालं होतं सांग यांना." मी सांगितलं. रंगवून सांगितलं. टेबलापलीकडचे तिघे खो खो हसले आणि मला नोकरी लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. मी तो किस्सा एकोणीस वर्षं सांगत राहिलो. दर दसऱ्याला ऑफिसात पूजा झाली की कुणीतरी म्हणायचं, सर, ते सांगा ना, आजोबांनी कॉम्प्युटरला आंघोळ घातली ते. आणि मी सांगायचो. दोन थेंबांचा तांब्या झाला, तांब्याची कळशी झाली. चिठ्ठीवर तात्यांनी "एरर बावीस" कसं उतरवलं, ठिपके कसे मोजून काढले, हे मी बोटांनी करून दाखवायचो.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवीन आलेली एक मुलगी, गार्गी पावनगडकर, तो किस्सा ऐकत होती. सगळे हसले. ती म्हणाली, "पण सर, एरर बावीस पाण्यानं कसा येईल? लिनक्सचा भाग पुसला आणि ग्रब तसंच राहिलं की तो येतो. आमच्या कॉलेजात कुणीतरी जुन्या मशीनवर केलं होतं असं."

"असेल," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग चहाच्या कपात बघितलं. तिला कळलं होतं. मी फोन आल्याचं सोंग करून उठलो.

त्याच शनिवारी मी तासगावला गेलो. चिठ्ठी बरोबर घेतली. ती मी का जपली होती हे मला सांगता येणार नाही. फाडायला म्हणून अनेकदा काढली आणि प्रमाणपत्रांच्या फायलीत परत ठेवली.

तात्या पंचाहत्तरीचे झाले होते. दारात खाटेवर बसले होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग घाईनं उठायला लागले. "या या, इक्रांतराव. बसा. आवं, कोन आलंय बगा! आपलं मशीन वाचवलंवतं त्ये सायब!"

आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज आला.

मी खाटेच्या कडेला बसलो आणि पाल्हाळ न लावता सगळं सांगितलं. मालक पुण्याला असताना काय घातलं, अष्टमीला काय काढलं, काय राहिलं. पेटी आतून कोरडी होती हेही सांगितलं. टॉवेलाचं सांगितलं. पुण्यात तो किस्सा सांगून लोकांना हसवत होतो हेही सांगितलं, ते सांगायला सगळ्यात जड गेलं. शेवटी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

तात्यांनी चष्मा लावला. प्रूफाचा कागद पिवळा पडला होता. त्यांनी आधी छापलेली बाजू वाचली, कुणाची तरी लग्नपत्रिका होती ती. मग उलट करून पेन्सिलीची अक्षरं बघितली. एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले, प्रूफ तपासत असल्यासारखे.

"ह्यात लिवलं हुतं व्हय ह्ये?"

"हो. वाचता येणाऱ्याला सगळं कळलं असतं त्यात."

"आन् म्या बराबर उतरवलं हुतं?"

"एकही अक्षर चुकलं नव्हतं."

मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या मला हव्या होत्या.

"म्हंजे पान्यानं काय झालं न्हवतं."

"नाही, तात्या."

"माज्या हातानं काय झालं न्हवतं."

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हातांचे पंजे पसरले.

"मग मला येत हुतं की रं," ते म्हणाले.

माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. मी खाली मान घालून बसलो.

"काय येत हुतं म्हनलासा?" आतून काकूंनी विचारलं.

मी मान वर केली तर तात्या माझ्याकडेच बघत होते. उत्तर मी द्यायचं होतं.

मी उठलो. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. काकू चहाच्या भांड्यापाशी होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मला त्या दसऱ्याचं नवं लुगडं आठवलं.

"कॉम्प्युटर, काकू," मी म्हणालो. "तात्यांना कॉम्प्युटर येत होता. चूक माझी होती."

"त्यांना येत हुतं त्ये मला ठाऊक हाय," काकू म्हणाल्या. "त्यांस्नी सांगितलंसा का?"

"आत्ताच सांगितलं," मी म्हणालो.